फिरत्या घराच्या बॅटऱ्या

माझ्या सासऱ्यांचा मला राग आहे. ते आता नाहीत, आणि गेलेल्या माणसावरचा राग सोडून द्यावा असं मला सगळे सांगतात. मी मान हलवते. पण रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या घरासमोर त्यांची गाडी उभी असायची, तिथल्या फरशीवर ॲसिडचे पांढरे डाग अजून आहेत. रोज सकाळी ऑफिसला निघताना त्या डागांवरून स्कूटर काढते आणि माझा दिवस चडफडत सुरू होतो.

ते रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये गेला. तिथेच स्टोव्हवर खिचडी, तिथेच आंघोळ, तिथेच डुलकी. इकडे सासूबाई घरी एकट्या, पोरांची आजारपणं, पाहुणेरावळे, सगळं एकटीनं. ते रिटायर झाले त्याच सुमारास राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, आणि माझ्या नवऱ्याला नागपूरची खाजगी नोकरी सोडून इथल्या सरकारी कार्यालयात जागा मिळाली. मलाही शंकर नगरला एका ऑफिसात काम मिळालं. म्हणून आम्ही सासरच्या घरी राहायला आलो.

सगळ्या शहराला तेव्हा काहीतरी नवं करायची हुक्की आली होती. कोणी हॉटेल काढत होतं, कोणी प्लॉट घेत होतं. सासऱ्यांनी एका शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस घेतली. बाकं उपटून फेकली. आत पलंग केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, पंखा लावला, ट्यूबलाइट लावल्या. मागच्या कोपऱ्यात पेटी करून तिच्यात दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि या घराच्या वेगळ्या, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायचे.

"ही गाडी नाई बरं," ते म्हणायचे. "घर आहे घर. चाकं लागले म्हणून काय झालं?"

पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली माणसं येऊन आत डोकावायची, पलंगावर बसून बघायची, "वा काका" म्हणायची. सासरे खूश. हे घर बांधलं होतं सासूबाईंना समुद्र दाखवायला. निदान सांगायचे तरी तसं.

सासूबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. माहेर वर्ध्याजवळचं, सासर रायपूर. मोठं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी महानदी, तीही उन्हाळ्यात अर्धी वाळू. "एवढं पाणी एका जागी कसं राहते, मले पाहाचं आहे," असं त्या म्हणायच्या. लग्न झाल्यापासून म्हणत होत्या. सासरे म्हणायचे, रिटायर झालो की नेतो पुरीला. आणि रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले असताना त्यांच्या डोळ्यांचं निघालं. त्या दारांच्या चौकटींना धडकू लागल्या होत्या. आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, काढून टाकू. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. बाजूचं आधी जातं, मग आत आत येत मधलंही जातं. गेलेलं परत येत नाही. थेंब घाला, राहिलंय ते सांभाळा.

"समुद्र दिसन का मले?" सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर हसले. "लवकर जाऊन या, आजी," म्हणाले.

लवकर. रेल्वेचा पास घरात होता. संध्याकाळी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी पुरी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका जाऊन आल्या होत्या, प्रसादाचा खाजा आणून वाटत होत्या. मी म्हटलं, बाबा, पासावर जाऊन या ना दोघं. फिरतं घर नंतर फिरवा. तर सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना मालडब्यात बसून जा म्हटलं होतं.

"जन्मभर रेल्वेनं मले तिच्यापासून दूर ठेवलं," ते म्हणाले. "आता तिले मी माह्या गाडीत नेईन."

हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. नवऱ्याला मी ते दोनदा सांगितलं. आज ते आठवलं की संताप होतो, कारण त्यात सासूबाईंना काय हवं याचा कुठे पत्ताच नाही.

पहिली चाचणी राजीमची झाली. जवळच, एका रात्रीचा मुक्काम. सोबत सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा होते. जेवणं झाली, अंथरुणं पडली, आणि पंखा हळू हळू होत थांबला. ट्यूबलाइट पिवळी पडली, फडफडली, गेली. डासांनी सगळ्यांना फोडून काढलं. मामा काही वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "भाऊजी, ब्रेकव्हॅनमध्ये तं कंदील राहत होता ना?" सासूबाई हसल्या. झालं. त्या हसण्यानं सासऱ्यांच्या मनात जे काही बसलं ते शेवटपर्यंत निघालं नाही.

गार्डच्या नोकरीत एक रीत असते. ब्रेकचं प्रेशर शेवटच्या डब्यापर्यंत बरोबर आलं नाही, तर गार्ड हिरवी झेंडी दाखवत नाही. पुढे ड्रायव्हर कितीही शिट्ट्या मारो, गाडी हलत नाही. ही रीत मालगाडीसाठी उत्तम आहे. सासऱ्यांनी ती घरात आणली. जोवर बॅटऱ्या रात्रभर पंखा चालवत नाहीत, तोवर पुरी नाही. "प्रेशर बरोबर नसन तं झेंडी नाई," एवढंच उत्तर. मी म्हटलं, थंडीत जाऊ, पंखाच लागणार नाही. तर म्हणाले, घरात पंखा असून बंद ठेवायचा का?

मग सुरू झाला बॅटऱ्यांचा तपास. आमच्या घरात त्या काळात दुसरा विषय नव्हता.

आधी बॅटऱ्यांवर संशय. सासरे त्या रिक्षात घालून गुढियारीतल्याच बॅटरीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं चार्ज केल्या, लोड लावून पाहिलं, म्हणाला, "काका, बैटरी तो एकदम बढ़िया है." परत आणून बसवल्या. दहाबारा दिवसांनी पंखा लावला, तर पाती हलेनात. पुन्हा रिक्षा, पुन्हा दुकान, पुन्हा बढिया. दुकानात जिवंत होणारी आणि आमच्या गाडीत मरणारी बॅटरी, ही गोष्ट एवढी उघड होती, की लहान मुलालाही कळावं दोष बॅटरीत नाही, गाडीत आहे. पण सासऱ्यांची गाडी निर्दोष होती, कारण ती त्यांनी बांधली होती. म्हणून दुकानदार चोर ठरला आणि नव्या बॅटऱ्या आल्या.

नव्याही तशाच उतरू लागल्या. मग पाण्यावर संशय आला. काचेची नळी घेऊन ते प्रत्येक कप्प्यातलं ॲसिड ओढून पाहायचे, आतला तरंगता काटा हिरव्यावर आहे की लालवर ते मला वाचायला लावायचे. डिस्टिल वॉटरचे डबे आले. मग टर्मिनलवर संशय आला. ती घासून घासून चकचकीत केली, व्हॅसलीन फासलं. मग इंजिन चालू असताना घराच्या बॅटऱ्यांना करंट मिळतो की नाही यावर. अल्टरनेटर उतरवला, तपासला, चढवला. मग चार्जर बदलला. चार्जिंग झालं की ते चार्जरची पिन काढून ठेवायचे, मेन स्विच खाली ओढायचे आणि त्याच्या दांडीला लाल फडकं बांधायचे. म्हणजे कोणी हात लावायचा नाही. पुन्हा काही दिवसांनी फडकं सोडायचे, स्विच वर करायचे आणि पंख्याकडे बघत बसायचे.

पंखा फिरला नाही की ते घरात येऊन पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "उतरली." एवढा एकच शब्द. घरात सुतक आल्यासारखं व्हायचं. नवरा म्हणायचा, "बाबा, अब रहने दो ना." सासूबाई त्यांना पाणी द्यायच्या.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. पदवीपर्यंतच, पण शिकले आहे. एकदा मी म्हटलं, "बाबा, मेन बंद असतानाही कुठेतरी करंट जात असेल. बॅटरीची तार सोडा आणि मध्ये मीटर लावून पाहा."

"मेन बंद आहे तं करंट जाईन कुठून?" ते म्हणाले. "तू आपल्या फायली पाह."

नवरा गप्प. माझ्या नवऱ्याचं हे गप्प बसणं हा त्याचा गुण आहे असं माझी आई म्हणायची. मला तो कधी गुण वाटला नाही.

असे दिवस गेले, दिवाळ्या गेल्या. सासूबाईंचा तपास कोणी करत नव्हतं. त्या भाजी पाहून निवडायच्या, मग चाचपून निवडू लागल्या. गोल बाजारात माझ्यासोबत यायच्या, मग माझा पदर धरून येऊ लागल्या, मग येणंच बंद केलं. "गर्दी लई असते," म्हणाल्या. मी विचारायचे, आई, दिसतं ना? तर म्हणायच्या, "दिसते ना. समोरचं दिसते." गाडीत मात्र रोज दिवेलागणीला जायच्या. हातानं दांडी धरून चढायच्या, झाडून घ्यायच्या, थोडा वेळ बसून उतरायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या मनानं पुरीला जाऊन येत असतील. घरातल्या कोणी विचारलं नाही, आत काय करता म्हणून.

एका रविवारी सकाळी गाडीतली गादी उन्हात टाकायला मी आत चढले. पडदे ओढलेले, आत अंधार. मेन स्विच खाली, दांडीला लाल फडकं. आणि ओट्याच्या वर जे छोटं कपाट होतं, त्याच्या दोन दारांच्या फटीतून लाल रेघ दिसली.

ते कपाट सासूबाईंच्या देवांचं. मी देवाधर्माची बाई नाही, त्यामुळे मी ते कधी उघडलं नव्हतं. सासरेही त्यातले नव्हते. मी दार उघडलं. आत रेणुकेचा टाक, बाळकृष्ण, आणि त्यांच्यासमोर ट्रकच्या टपावर असतो तसला छोटा लाल बल्ब. चालू. हात लावला तर गरम.

मेन बंद आणि बल्ब चालू. म्हणजे त्याची तार मेन स्विचच्या आधीच जोडलेली होती, थेट बॅटरीवर. एवढासा बल्ब, पण दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. गाडी उभी, चार्जर काढलेला, आणि हा आतल्या आत बॅटरी पीत बसलेला. बॅटरी पार रिकामी झाली की हाही विझायचा, आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही चोर शोधायला आत शिरायचो. चोर तेव्हा झोपलेला असायचा. आणि बॅटरी पुन्हा पुन्हा अशी तळापर्यंत रिकामी झाली की आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडतात, मग ती पहिल्यासारखी चार्ज धरतच नाही.

"बाबा, सापडलं!" मी आतूनच ओरडले.

सासरे धावत आले. कपाटात पाहिलं, स्विचकडे पाहिलं, वाकून तार कुठे जाते ते पाहिलं. मग गाडीच्या दारात उभे राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले.

"अवं, बाहेर ये! माह्या बॅटऱ्या तूच खाल्ल्या होय! मी लोकायले चोर म्हणून राहिलो, दुकानदाराशी भांडून राहिलो, अन् चोर माह्या घरात!"

सासूबाई उंबऱ्यात आल्या. हात ओले होते. काय झालंय ते त्यांना कळायला वेळ लागला. गाडी बांधली तेव्हा वायरिंग करणाऱ्याला त्यांनीच सांगितलं होतं, सासरे प्लायवूड आणायला गेले असताना. "भैया, ये दिया कभी बुझना नहीं मंगता," असं त्यांच्या हिंदीत. त्यानंही तसाच जोडून दिला. नवरात्रात आमच्याकडे अखंड दिवा असतो, तो विझू नये म्हणून त्या नऊ दिवस घराबाहेर पडत नाहीत. गाडीत तेल सांडेल, आग लागेल, म्हणून बल्ब.

"तुम्हीच तं सांगत होते सगळ्यायले, का गाडी नाई, घर आहे," त्या म्हणाल्या. "घरात दिवा नसते का?"

सासऱ्यांचा आवाज आणखी चढला. बाईची अक्कल, घरात बसून नुकसान, लोक हसतात, सगळं झालं. शेजारच्या बायका दारात उभ्या. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग ते आत गेले आणि बल्ब, होल्डर, तार, सगळं ओढून काढून नालीत फेकलं. मला इतका राग आला की मी गादी तिथेच टाकून घरात गेले. एवढा तपास केला यांनी, ॲसिड तपासलं, अल्टरनेटर तपासला, पण त्या गाडीत रोज चढणाऱ्या एकमेव माणसाला एकदाही विचारलं नाही, की तू आत काही लावलं आहेस का. बाईला काय विचारायचं! विचारलं असतं तर पहिल्याच महिन्यात ती पुरीला पोचली असती.

त्यानंतर सासूबाई गाडीत जाईनाशा झाल्या. मला वाटलं, अपमान लागला. दोनचार दिवसांनी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या, बोटांनीच. मी म्हटलं, आई, नका मनावर घेऊ.

"मनावर नाई घेतलं," त्या म्हणाल्या. "पण मले आता समजत नाई."

"काय समजत नाही?"

"डोयांचं. तो बल्ब पहिले देवासाठीच लावला होता. मंग डोयांसाठी झाला. रोज जात होती, एक डोया झाकत होती, मंग दुसरा. लाल दिसला का समजत होती, अजून आहे." त्यांनी पाकळी ताटलीत टाकली, ती बाहेर पडली. "कधी कधी दिसेच ना. छाती अशी धडधडे. मंग बाहेर येऊन गप बसो. अन् दुसऱ्या दिवशी हे येऊन म्हणत, उतरली. माहा जीव भांड्यात पडे, बाई. म्हणो, माहे डोये नाई गेले, बॅटरी गेली."

सासऱ्यांच्या त्या एका शब्दानं आमच्या घरात सुतक यायचं, आणि पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली ही बाई मनात देवाचे आभार मानत असायची.

मी हे नवऱ्याला सांगितलं आणि जेवताना सासऱ्यांनाही सांगितलं, शब्द न् शब्द. सासूबाई झोपल्या होत्या. ते ताटावर बसून राहिले. हात वाळला तरी उठले नाहीत. त्यांना वाईट वाटलं असणारच. पण मला ते तेव्हाही पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

जुन्या बॅटऱ्या तर गेल्याच होत्या. नव्या आणल्या. आता चोर नव्हता, त्यामुळे त्या टिकल्या. आठवडा गेला, पंधरवडा गेला, मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. पंखा रात्रभर फिरला. थंडी पडली होती आणि पंख्याची कोणालाच गरज नव्हती, तरी तो फिरला, आणि सासरे शाल गुंडाळून त्याच्याखाली झोपले. सकाळी घरात येऊन म्हणाले, "झेंडी." पुरीचा दिवस ठरला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः नवा लाल बल्ब आणून देवांच्या कपाटात बसवला. या वेळी मेन स्विचच्या नंतर, रीतसर. सासूबाईंना सांगितलं, "घे, लावला तुहा दिवा. मेन चालू तं दिवा चालू." हीच त्यांची माफी. यापेक्षा जास्त त्यांना येत नव्हतं.

सकाळी सगळं भरून झालं. सासूबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, दशम्यांचं गाठोडं पोटाशी धरलं होतं. मी हात दिला, त्या चढल्या. नवरा स्टीअरिंगवर बसला. सासरे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नोकरीवर निघाल्यासारखे, मेन स्विचजवळ उभे. त्यांनी दांडी वर केली. ट्यूबलाइट लागल्या. सासूबाई कपाटासमोर गेल्या, हातानं चाचपत दारं उघडली, नमस्कार केला. मग डावा डोळा झाकला. मग उजवा.

मी त्यांच्या मागेच होते. बल्ब जळत होता. देवांच्या मूर्तींवर लाल उजेड पडला होता.

त्या वळल्या. चेहरा शांत होता, थोडी कीव होती त्यात, आमची.

"अहो," त्या म्हणाल्या, "बॅटरी उतरली वाटते पुन्हा."

"उतरते काय!" सासरे हसत आले. मीटर हातातच होता. त्यांनी पेटीचं झाकण उचलून दोन्ही टोकं लावली आणि मीटर सासूबाईंच्या चेहऱ्यासमोर धरला. "पाह! बारा पॉइंट सात! काठोकाठ भरली आहे! पाह ना!"

सासूबाई मीटरच्या जरा बाजूला पाहत होत्या. मग सासऱ्यांची नजर कपाटात गेली, त्या बल्बावर. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना ते कळायला हवं होतं, आणि कळताना मला पाहायचं होतं. एवढा माझा राग होता. हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मीटर खाली आला.

नवऱ्यानं पुढून विचारलं, "चलें?"

"हव," सासरे सासूबाईंना म्हणाले. "उतरली. तू म्हणतं ते बरोबर आहे. उतरली."

आयुष्यभर ज्या माणसानं स्वतःच्या गाडीत खोट मानली नाही, त्यानं त्या दिवशी धडधाकट बॅटरी मेली म्हणून सांगितलं. मला ओरडावंसं वाटलं की आता कशाला, आता खरं बोलून तरी काय आणि खोटं बोलून तरी काय. पण सासूबाईंनी सुस्कारा सोडला. सुटल्याचा होता तो. पलंगाचा कठडा शोधत त्या खाली बसल्या आणि मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडू लागल्या.

"मंग आजबी नाई जाणं होत," त्या म्हणाल्या. रुसून नाही, रोजचं सांगावं तसं. "या दशम्या घरीच खाऊन घ्या सगळे. उद्यापर्यंत राहाच्या नाई."